पोकळ तुळई

गंगाराम : वयनी, थंयच थांबा. पाय भितुर घालू नकात.

सारिका : का? मी चहा आणला होता तुम्हाला.

गंगाराम : चाय भायर ठेवा आणि वर बघा. त्या तुळईक मी नुसतो हतोडो लायलंय, तर हतोडो भितुर गेलो.

सारिका : गेला म्हणजे?

गंगाराम : वाळवी. वरसून रंग दिसता, भितुर काय एक नाय. बोट घातला तर भुसो पडता. सगळे वासे हिच्यार आसत, आणि वाश्यांर कौलां.

सारिका : पण दादा, छपराला हात लावायचं ठरलंच नव्हतं. स्वयंपाकघराच्या दोन पायऱ्या भरून जमीन वर घ्यायची आणि ओटा खाली करायचा, एवढंच काम होतं. तुम्ही आठ दिवस म्हणालात. आज सहावा.

गंगाराम : म्हटलंय खरा. तेवां वरचा खंय दिसत होता?

सारिका : परवा आई येतायत. खुब्याच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले, लेकीकडे, रसिकाताईंकडे कणकवलीला कंटाळल्यात. वॉकर घेऊन येतील आणि मी त्यांना काय दाखवू? हा खड्डा?

गंगाराम : सुभद्राकाकींका ह्या कामाची खबर नाय?

सारिका : रंग काढतोय, असं सांगितलंय. यांनी गेल्या वर्षी नुसती मापं घ्यायला टेप काढली, तर सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. सून म्हणून मी विचारायला गेले असते तर काय झालं असतं?

गंगाराम : सुदेशाक फोन लावा मगे.

सारिका : ते जहाजावर. त्यांचा फोन आला तरच बोलणं होतं. तुम्ही टेकू लावा ना. सुतार येईपर्यंत नाही का टिकणार?

गंगाराम : तळेऱ्याचो सुतार सोमवारच्या आधी येवचो नाय. तेवड्यात वारो सुटलो, तर टेकवाचो भरवसो मी देवचंय नाय. कौलां आताच उतरवची लागतली. तुमी हो म्हणा, मी चढतंय.

सारिका : मी कशी हो म्हणू? घर आईंचं आहे. आणि त्या पडल्या त्याही माझ्यामुळेच.

गंगाराम : तुमच्यामुळे कशे?

सारिका : त्या सकाळी लादी मी पुसली होती. त्यांना न सांगता बाजारात गेले. परत आले तर त्या पायरीशी पडलेल्या. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही, दादा. म्हणून तर ह्या पायऱ्याच नकोत असं वाटलं.

गंगाराम : तर मगे काकींकाच इचारा. खोटा बोलान छप्पर रवाचा नाय.

(सारिका फोन लावते आणि स्पीकर चालू करते.)

सुभद्रा : सारिका? मीच करतलंय होतंय. शेजारची नर्मदा सांगी, तुमच्या घरात धाड धाड आवाज जाता. रंग काढूक हतोडो कित्याक लागता गो?

सारिका : आई, गंगारामदादा इथेच आहेत. ओटा काढलाय आम्ही. पायऱ्या भरतोय. मी तुम्हाला खोटं सांगितलं.

सुभद्रा : आयकतंय. फुडे सांग.

सारिका : तुळई पोकळ निघाली. वाळवीने खाल्लीय. कौलं उतरवायला लागतील म्हणतायत, आत्ताच.

सुभद्रा : न्हाणीकडची बाजू काय देवळीकडची?

गंगाराम : देवळीकडची, काकी. तुमका कशी म्हायती?

सुभद्रा : दोन वर्सां झाली, गंगाराम. सकाळी उठान बघूचा तर टोपार भुसो. मी पुसून टाकी.

सारिका : दोन वर्षं? आणि आम्हाला सांगितलं नाहीत?

सुभद्रा : सांगलंय असतंय तर सुदेश म्हणालो असतो, घर धोक्याचा, बंद करूया. तू पोरांक घेवन डोंबिवलीक तुझ्या म्हायराकडे, मी हय रसिकाकडे. पोरांच्या शाळेपायी थंय जावचा तुमचा चललेलाच होता. घराक एकदा कुलूप लागला की ता कोण काढता?

सारिका : आणि ती पोरांच्या अंगावर पडली असती तर, आई?

सुभद्रा : त्याचीच भीती. म्हणान त्या दिवशी स्टुलार चढलंय. तुळईच्या भोकांत मेण भरूक.

सारिका : कुठल्या दिवशी?

सुभद्रा : पडलंय त्या दिवशी.

सारिका : पण लादी ओली होती ना? मी पुसून गेले होते.

सुभद्रा : लादी कवांच सुकलेली. स्टूल कलंडला. नर्मदा धावत इली, तिका म्हटलंय, पयला ता स्टूल उचलून ठेव, मगे माका.

सारिका : तीन आठवडे मला झोप नाही, आई.

सुभद्रा : म्हायती आसा. रसिका सांगी, वयनी फोनार रडता म्हणान. आयकान मी गप रवलंय. ता माझा चुकला.

गंगाराम : काकी, वारो वाढलो. काय करू?

सुभद्रा : उतरव. चार फुटली तरी चलतली. पण सारिका भितुर येता नये.

सारिका : मी पडवीत उभी आहे. आई, तुम्ही परवा येऊ नका. अजून पंधरा दिवस तरी जातील.

सुभद्रा : येतलंय. पडवीत खाट घाल, शेगडी थंयच मांड. ओटो कित्याक काढलंस, ता सांगूक नाय तू.

सारिका : डॉक्टर म्हणाले, फार वेळ उभं राहायचं नाही. तुम्हाला बसून करता यावं म्हणून खाली घेतोय. पडवीतल्या तुमच्या खुर्चीवरून माप घेतलं.

सुभद्रा : ती खुर्ची सुदेशाच्या बापाशीची. माझे पाय लोंबकळतत तिच्यार.

सारिका : मग?

सुभद्रा : ओटो आजून दोन बोटां खाली घे.