पेनड्राइव्हच्या शेवटी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या व्यापारी मंडळाचे चंपतरावकाका, व्यासपीठावरच्या सरपंच उत्कर्षाताई, सत्कारमूर्ती गायक लखनभाऊ, त्यांच्या बरोबरीनं बसलेल्या रंजीतावहिनी आणि कामधंदा टाकून आलेल्या माझ्या इचोडेकर मंडळींनो,

मी पंकज. बसस्टँडसमोर माझं मोबाइलचं दुकान आहे. बोलण्याची सवय गिऱ्हाइकाशी, माइकशी नाही. सांभाळून घ्या.

लखनभाऊंच्या गाण्यावर नाचला नाही असा नवरदेव या मंडळात आहे का? असला तर त्यानं हात वर करावा. काका, तुम्ही करू नका, तुमच्या वरातीला मी होतो. वीस वर्षं या माणसानं आपल्याला नाचवलं. मग डीजे आले, नवी पोरं आली आणि भाऊंना बोलावणं कमी झालं. तेव्हा त्यांनी नागपूरच्या स्टुडिओत जाऊन आठ गाण्यांचा शेवटचा अल्बम केला. नाव 'सावकाश'. एकही गाणं नाचाचं नाही.

तो चालला नाही. हे सगळ्यांना माहीत आहे. का चालला नाही, ते मात्र फक्त मला माहीत आहे.

ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून घ्यायला माझ्याकडे येतात. "अन्ना, लखनभाऊचे नाचाचे भर," म्हणतात. मी सव्वाशे गाणी भरायचो आणि 'सावकाश'ची आठ सगळ्यात शेवटी टाकायचो. गिऱ्हाईक नाराज व्हायला नको, एवढाच विचार. आता गाडीतले ते स्वस्तातले प्लेअर कसे असतात? इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं की पहिल्या गाण्यापासून. ढाब्यावर चहा घेतला, पहिलं गाणं. डिझेल भरलं, पहिलं गाणं. शेवटापर्यंत पोचणार कोण?

भाऊ दर बाजाराला दुकानात यायचे. लोक काय म्हणतात, एवढंच विचारायचे. मी सांगायचो, "लोकायला नाही आवडलं, भाऊ." ते मान हलवून निघून जायचे. खरं म्हणजे मी कोणाला विचारलंच नव्हतं. मीसुद्धा तो अल्बम पूर्ण ऐकला नव्हता. याची मला लाज वाटते.

गेल्या महिन्यात भाऊंनी गाणं सोडल्याचं सांगितलं आणि मंडळानं हा निरोप ठरवला. त्याच आठवड्यात नार्नूरकडच्या प्रयागबाई दुकानात आल्या. त्यांच्या मुलाच्या ट्रॅक्टरचा सेल्फ बिघडला होता. बंद केला तर रानात धक्का मारायला माणसं कुठून आणायची? म्हणून नांगरणीला तो सकाळपासून चालूच ठेवला होता. दिवस कलला तेव्हा नाचाची गाणी संपली आणि 'सावकाश' लागला. बाई शेताच्या धुऱ्यावर कापसाच्या पऱ्हाट्या गोळा करत होत्या. हातातला भारा त्यांनी खाली ठेवला.

मला म्हणाल्या, "पोरगा म्हने हा लखन नाही. मी म्हनलं, आवाज त्याचाच हाये, आता दमला हाये. बापू, येवढं चांगलं गानं येवढं मांगं काऊन ठेवलं?"

बाई गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि आठही गाणी ऐकली. चौथ्याला रडलो, हे सांगायला आता संकोच वाटत नाही.

भाऊ, गाणं सोडायचं की नाही, ते तुम्ही आणि वहिनींनी ठरवावं. पण लोकांना आवडलं नाही म्हणून सोडू नका. लोकांनी ते ऐकलंच नाही, आणि ते माझ्यामुळे.

अध्यक्षांनी, पाहुण्यांनी आणि आपण सर्वांनी एवढा वेळ ऐकून घेतलंत, मनापासून आभार. शेवटी कमीजास्त बोलल्याची माफी मागायची रीत आहे, ती सभेची मागतो. लखनभाऊ, तुमची मागतो ती रीत म्हणून नाही.

आता जेवणं आहेत. प्रयागबाई दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यांना आधी वाढा. आणि पंगतीला जो पेनड्राइव्ह लावलाय, त्यात आज आठच गाणी आहेत.