पाणसळ खोटं बोलत नाही

…आणि वर म्हणतात कसे, चार स्क्रूंचं काम! थांबा, आधी माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं काही चुकलं असेल तर पोटात घाला, शब्दही माझे साधेच आहेत. चार माणसांत बोलायला उभा राहिलो की माझे कान लाल होतात, म्हणून सगळं लिहून आणलंय आणि कागदात बघून वाचतोय. पण चार स्क्रूंचं काम म्हणजे काय असतं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला आज जेवण जायचं नाही.

तर आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, घरी विमान बनवतात. हसू नका. लोक घरी लोणचं घालतात, दाजी विमान घालतात. दोन माणसांचं, छोटंसं, गॅरेजमध्ये. गाडी बाहेर उन्हात आणि विमान आत सावलीत. पंख भिंतीला टेकवलेले, त्यावर ताई चादरी वाळत घालते. सांगाडा झाला, इंजिन बसलं, चाकं लागली, राहिलं काय, तर समोरचं पॅनेल. घड्याळांची पाटी म्हणा ना. वेग किती, उंची किती, तेल किती, सगळी तोंडं एका पत्र्यावर, आणि तो पत्रा चालवणाऱ्याच्या नाकासमोर बसवायचा. दाजी म्हणाले, "मेहुणे, रविवारी या जरा. चार स्क्रूंचं काम आहे."

आता मी फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात कामाला, अंगाने काडी, हात बारीक. त्यामुळे दाजींच्या विमानात माझी जागा ठरलेली. कुठे? पॅनेलच्या मागे नट धरायला. आणि पॅनेलच्या मागे जायचं कसं? तुम्ही कधी जिथे पाय ठेवायचे तिथे डोकं ठेवून आडवे झालायत? पाठ फळीवर, पाय सीटच्या पाठीवरून बाहेर आकाशाकडे, मानेखाली पेडल, तोंडावर वायरींचा झुपका, आणि त्या झुपक्यातून हात घालून एवढासा नट धरून ठेवायचा. वरून दाजी स्क्रू फिरवणार. नट फिरला की दाजी म्हणणार, "धर ना नीट." मी धरतच असतो हो! नट सुटला की माझ्या नाकावर, नाकावरून फळीवर, फळीवरून खाली जमिनीवर, आणि तिथून टुणटुण करत थेट डाव्या कोपऱ्यातल्या जाळीपाशी. दर वेळी तिथेच. मला बरंच वाटायचं, शोधायला नको. डोकं असतं तर तेव्हाच काही सुचलं असतं, पण डोकं पेडलवर होतं.

बरं, स्क्रू चार तरी असावेत! पाटीला वेगळे, प्रत्येक घड्याळाला वेगळे, मागच्या पट्टीला वेगळे. मी एकदा हळूच म्हटलं, दाजी, हे चारपेक्षा जरा… तर म्हणाले, चार-चारच लावायचेत, एका वेळी चार. मी पुढचा नट उचलला.

त्यात आले काटकोन काका. शेजारचे. आयुष्यभर नकाशे काढले, त्यामुळे जगात जे वाकडं आहे ते यांना झोपेतसुद्धा दिसतं. आमच्या दाराची चौकट वाकडी, ताईचं तुळशीचं रोप वाकडं, माझा भांग वाकडा. खिशात पाणसळ घेऊन फिरतात, ती गवंड्यांची असते ना, नळीत बुडबुडा असलेली, तीच. पॅनेल भोकाला भोक लावून मस्त बसलं होतं. दाजी स्क्रू आवळायला लागणार, तेवढ्यात काकांनी पाणसळ पाटीच्या वरच्या कडेला टेकवली आणि तोंडाने च्च्च केलं. मला खालून फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या, पण चपलांवरूनसुद्धा कळत होतं की आता रविवार गेला.

"वाकडं आहे," म्हणाले.

दाजी म्हणाले, भोकं तर जुळलीत, ती काही मी पाडली नाहीत, कारखान्यातून आलीत. तर काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "भोकं खोटं बोलतील. पाणसळ खोटं बोलत नाही."

झालं. दाजींना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते स्वतःचं असल्यासारखं दोनदा म्हटलं. मग काय, कानस आणा. भोकं घासून घासून लांबट केली, पत्र्याचा कीस सगळा माझ्या डोळ्यांत. पाटी एका बाजूने उचलली, दुसऱ्या बाजूने दाबली, बुडबुडा मधोमध आणला, आणि उरलेल्या फटीवर काळी पट्टी चिकटवली. आणि स्क्रू? पुन्हा पहिल्यापासून. मेहुणे, धरा. चार स्क्रूंचं काम आहे.

संध्याकाळी विमान गॅरेजबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस साहेब येणार होते, ते वर्षातून एकदाच येतात, त्यांनी हो म्हटलं की विमान उडणार, नाही म्हटलं तर पुढच्या वर्षीपर्यंत पंखांवर चादरी. आणि पहिल्या फेरीला शेजारच्या सीटवर कोण? ताई. तसं तिला लग्नाआधीच कबूल केलेलं. बाकीचे नवरे साडी कबूल करतात.

तर बाहेर सपाट रस्त्यावर विमान उभं, गल्लीतली चार माणसं जमलेली, दाजी आत बसले, बॅटरी चालू केली, आणि त्यांचा चेहरा पडला. पॅनेलवर एक वाकडी काचेची नळी असते, तिच्यात काळी गोळी. विमान सरळ असेल तर गोळी मधोमध. गॅरेजमध्ये मधोमध होती. बाहेर एका कडेला जाऊन बसली, रुसल्यासारखी. तिच्यावर दुसरं एक तोंड, त्यात क्षितिजाची आडवी रेघ. तीही तिरपी.

दाजी म्हणाले गोळी खराब आहे. काका म्हणाले रस्ता वाकडा आहे. पाणसळ रस्त्यावर ठेवली, तर रस्ता सरळ. चाकांवर ठेवली, पंखांच्या खोबणीवर ठेवली, विमान सरळ. पाटीवर ठेवली, तर बुडबुडा पळाला. काकांना घाम फुटला. शेवटी ते गॅरेजमध्ये जाऊन जमिनीवर गुडघे टेकून बसले, पाणसळ फरशीवर ठेवली आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

ताई दारात उभी होती. म्हणाली, "अहो, तिथे उतार आहे. गाडी धुतल्यावर पाणी जाळीकडे जावं म्हणून तुम्हीच नाही का करून घेतलात?"

म्हणजे बघा. जमीन तिरपी, तिच्यावर विमान तिरपं, आणि आम्ही दिवसभर खपून काय केलं, तर विमानात एक पाटी तेवढी जगाशी सरळ बसवली! पाणसळ खरंच खोटं बोलत नाही हो, पण तिला विचारलं काय होतं? काका म्हणाले, तरी मी म्हणतच होतो, आणि घरी गेले. काय म्हणत होते ते नाही सांगितलं.

मला वाटलं, आता दाजी म्हणणार, काढू या. मी तर आडवा व्हायला बाह्यासुद्धा वर केल्या होत्या. तर दाजींनी काय करावं? गोळीची नळी तेवढी सैल केली, फिरवली, गोळी मधोमध आणली, आवळून टाकली. झालं म्हणाले, साहेबांना गोळी बघायची असते, बाकी कोण बघतंय. मी रेघेकडे बोट दाखवलं. ती तशीच तिरपी. धुक्यात शिरल्यावर खाली कुठे आणि वर कुठे, हे त्या रेघेवरूनच कळतं, हे दाजींनीच मला शिकवलंय.

"तिचं काय नाही," दाजी म्हणाले. "मी मान जरा वाकडी ठेवीन."

तुम्हाला सांगतो, मला आधी हसू आलं. मग दाजींनी सीटवर बसून मान वाकडी करून दाखवली, आणि हसू गेलं. माणूस आयुष्यभर मान वाकडी ठेवायला तयार, पण चुकलो म्हणायला नाही. आणि कशासाठी? चार स्क्रूंसाठी!

ताईने त्यांच्याकडे बघितलं, मग रेघेकडे. म्हणाली, "तुम्ही म्हणताय ना चालेल? मग बसते मी."

असं म्हणाली. माझी ताई. जी रिक्षावाल्याला वळणावर तीनदा सांगते, हळू घ्या. आणि मी तिथे उभा, कान लाल. दाजी, काढू या. एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द नाहीत का निघणार? नाही निघाले. दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, दमलास, जेवून जा. आणि मी जेवलोसुद्धा.

सकाळी मात्र दाजी उठायच्या आत येऊन गॅरेजमध्ये शिरलो, विमान रात्रीच परत आत ढकललं होतं. पाय वर, डोकं पेडलवर. नट धरायला कुणी नव्हतं, म्हणून एका हाताने नट आणि दुसऱ्या हाताने लांबून वाकून स्क्रू, बोटं सोलून निघाली. वायरी सोडवल्या, एकेकीला चिकटपट्टी लावून नंबर टाकला, तेवढी अक्कल फ्रिजमुळे आलीय. पाटी काढली, आत नेली आणि जेवणाच्या टेबलावर दाजींच्या चहाशेजारी ठेवली. ताईने बघितलं. तिने कप जरा बाजूला सरकवला, पाटीला डाग नको म्हणून.

तेवढ्यात बेल वाजली. तपासनीस साहेब आले, आत डोकावले, पाटीच्या जागी हे एवढं भोक. म्हणाले, छान चाललंय, पुढच्या वर्षी येतो. चहासुद्धा घेतला नाही.

दाजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुला काय वाटलं रे, मी तिला तसंच घेऊन उडालो असतो?"

मला हो म्हणायचं होतं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं.

"नाही दाजी," म्हटलं, आणि सगळे स्क्रू खिशात तसेच ठेवून कामावर गेलो. दिवसभर चालताना खिसा खुळखुळत होता, आणि येईल ते गिऱ्हाईक मलाच विचारत होतं, भाऊ, सुटे आहेत का?