डॉक्टरांच्या मोटारीचा शृंगार

ऐका मंडळी! देवाला हाक मारून झाली, आता जरा माणसांकडे वळू. पण गोष्टीआधी एक प्रश्न टाकतो, आणि लगेच उत्तर देऊ नका. लगेच दिलेली उत्तरं बहुधा खोटी असतात! प्रश्न असा — ज्याच्यावर आपला जीव असतो, त्याला आपण आहे तसं राहू का देत नाही? सारखं काहीतरी वर चढवायचं, डकवायचं, चमकवायचं! ही त्याची सेवा, की आपली मिरवणूक?

गप्प झालात? बरं झालं. आता ऐका.

गडहिंग्लजला एक डॉक्टर होते, अच्युतराव हुपरीकर. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. रस्ते कसले, बैलगाडीच्या चाकोऱ्या! पण डॉक्टरांकडे एक मोटार होती. विलायती, काळी, आणि घेतली तेव्हाच पंचवीस वर्षं जुनी. तिचं सेल्फ कायमचं बंद. म्हणजे किल्ली फिरवली की गाडी चालू — छे! पुढच्या जाळीखाली एक भोक, त्यात लोखंडी हँडल घालायचं आणि गरकन फिरवायचं, तेव्हा ती बाई जागी व्हायची!

आणि हँडल कोण मारायचं? डॉक्टर? नाव नको! डॉक्टर आत बसून चोक ओढून धरायचे. हँडल मारायच्या त्यांच्या पत्नी — माई! एकोणीस वर्षांची पोर, लग्न होऊन महिना झालेला. पदर खोचायचा, खाली वाकायचं, खालून वर एकच ओढ! अख्खी गल्ली बघायची हो! सासूबाई देवघरातून म्हणायच्या, "अगं, हे काय बायकांचं काम?" आणि माई म्हणायच्या, "आई, तिकडे बाळंतीण अडलीय. पुरुष शोधत बसू का?"

वाजवा की हो पेटीवाले, या वाक्याला तरी वाजवा!

मग गाडी सुरू व्हायची. धग्-धग्-धग्... आणि मध्येच एक ठोका चुकायचा. परत धग्-धग्. त्या आवाजावर गावंच्या गावं उठून बसायची. "डॉक्टर आले!" दिवा घेऊन माणसं रस्त्यावर यायची. डॉक्टरांचं तोंड दिसायच्या आधी रोग्याला तो आवाज ऐकू यायचा, आणि निम्मं दुखणं तिथंच उतरायचं.

डॉक्टर गेले. गाडी शेडमध्ये राहिली. दस्तगीर मिस्त्री नावाचा एक भला माणूस, पोरवयापासून डॉक्टरांच्या हाताखाली तयार झालेला, तो महिन्यातून एकदा यायचा, गाडी चालू करायचा, पाच मिनिटं ठेवायचा, बंद करायचा. त्या पाच मिनिटांत माई ओसरीवर येऊन बसायच्या. नुसतं ऐकायच्या.

आता चिरंजीव! भालचंद्रराव. पुण्यात नोकरी करून निवृत्त झाले, गावी परत आले. माणूस वाईट नाही हो, आईवर माया आहे. माई एक्क्याऐंशीच्या होणार, सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा ठरला. मुलानं विचारलं, "माई, तुला काय हवं?"

माई म्हणाल्या, "मला एकदा हँडल मारायचंय, भालू. एकदाच. आणि तिचा आवाज ऐकायचाय, माझ्या हातानं चालू झालेला. मनगट आता साथ देईनासं झालंय. पुढच्या वर्षी जमेल असं वाटत नाही."

मागणं केवढं? एक हँडल, एक आवाज. चिरंजीव हसले! म्हणाले, "माई, आता हँडल कशाला? सेल्फ दुरुस्त करून घेतो. तुला गाडीतून राणीसारखी मंगल कार्यालयात नेतो. बघच, कशी सजवतो!"

आईनं मागितलं एक, यांनी द्यायला काढलं भलतंच. आणि वर म्हणायचं — आईसाठी करतोय!

मग मोबाइल उघडला. त्यात काय, जगातलं सगळं भंगार घरपोच! जुन्या गाड्यांना लावायच्या वस्तूंचं दुकान सापडलं. झालं, पोस्टमन रोज दारात!

पहिल्यांदा काय आलं? दिव्यांना पापण्या! होय, पापण्या! चकचकीत पत्र्याच्या. गाडीला झोप येत होती का काय देव जाणे. मग बॉनेटवर एक पंखवाली बाई, उडायच्या बेतात. अहो, गाडी ताशी तीस मैल जाते, बाई उडणार कुठं? मग खिडकीला लटकवायचा पाण्याचा कूलर, पितळी होकायंत्र — घर ते बाजार, उत्तर दिशा कशाला हवी तुम्हाला?

आणि सगळ्यात कळस सांगू? चाकांच्या बाजूला तारेच्या मिशा! फूटपाथला गाडी घासायला लागली की त्या मिशा खरखर वाजून सांगतात, म्हणे. दस्तगीर मिस्त्रीनं शांतपणे विचारलं, "मालक, फूटपाथ कुठं हाय आपल्याकडं?"

मालक म्हणाले, "दस्तगीर, तुला यातलं कळत नाही. शोभा असते ती."

दस्तगीर म्हणाला, "बरं. पण बत्त्या नका वाढवू. सहा व्होल्टची बॅटरी हाय, दोन दिवे झेपत्यात तिला. तुम्ही तर दिवाळी करायला निघालासा."

ऐकलं का? कानाआड! चार जादा बत्त्या, सुरांचा भोंगा, मागं लाल-निळ्या पट्ट्या. शहरातून एक फिटर आला, तो म्हणाला, "साहेब, हा सायलेन्सर काय जुनाट! ठोका चुकतोय ऐकताय ना? आवाजात दम पाहिजे." इंजिन उघडून चुकणारा ठोका सरळ केला, जुना सायलेन्सर काढला, भंगारवाल्याला दिला, तिथं जाडजूड चकचकीत नळी बसवली. आणि शेवटी पुढच्या बाजूला, गाडीच्या छातीवर, क्रोमचा आडवातिडवा कठडा. चोरी होऊ नये म्हणून वेल्डिंग करून पक्का! पुढून गाय आली तर गाडी वाचेल, म्हणे.

महिनाभर माईंना शेडमध्ये येऊ दिलं नाही. का? तर, सरप्राइज!

आपण आईला देवाच्या जागी मानतो ना? आणि तिला विचारायचं सोडून तिला चकित करायला निघतो! काय बुद्धी आहे!

सोहळ्याचा दिवस. सकाळची वेळ, दारात मांडव, पाहुणे, फोटोवाले. गाडी ढकलत बाहेर आणून उभी केली. सगळे दिवे लावलेले, भोंगा वाजतोय, पापण्या चमकतायत. लोक म्हणतायत, "वा! वा!" कुणी बाईच्या पंखाला हात लावतंय, कुणी सेल्फी काढतंय. दीड तास हा दरबार! कार्यालयात भटजी खोळंबलेले, एक्क्याऐंशी निरांजनं लावून बायका ताटकळलेल्या. मग भालचंद्रराव ऐटीत आत बसले, सेल्फचं बटण दाबलं —

टक्.

परत दाबलं. टक्. बत्त्या पिवळ्या पडल्या. भोंग्यातून शेवटचा सूर निघाला, तोही रडका!

दस्तगीरनं आधी सगळे दिवे विझवले. म्हणाला, "सेल्फ फिरायचं नाही आता. ठिणगीपुरता जीव हाय बॅटरीत. हँडल मारलं तर होईल चालू."

आणि त्या वेळी — मंडळी, इथं जरा सावध होऊन ऐका — माई ओसरीवरून उठल्या. आत गेल्या. कपाटातून जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं हँडल घेऊन आल्या. घासून पुसून ठेवलेलं, तेल लावलेलं! चेहऱ्यावर काय आनंद हो! म्हणाल्या, "बघ भालू, तिनंच बोलावलं मला. सरका सगळे."

पदर खोचला. दस्तगीरचा हात धरून खाली वाकल्या. हँडल पुढं केलं. ठण्! क्रोमवर आपटलं. परत चाचपलं. ठण्! मग हातानं चाचपडायला लागल्या, कठड्याच्या मधून, खालून, बाजूनं. "दस्तगीर, भोक कुठं गेलं रे?"

दस्तगीर म्हणाला, "झाकलंय, माई."

"कुणी?"

सगळे भालचंद्ररावांकडे बघायला लागले. पोरगा घामाघूम. म्हणाला, "माई, आज राहू दे ना. फोटो व्हायचेत. कठडा नवाकोरा आहे. उद्या कापून घेतो, मग हवं तितकं हँडल मार. कार्यालयात माझी मारुती मोटार घेऊन जाऊ." शरम वाटायला हवी होती, पण वाटली ती कठड्याची काळजी!

माई एवढंच म्हणाल्या, "मी तुझ्याकडे दुसरं काही मागितलं होतं का रे?"

तेव्हा कुठं पोराची मान खाली गेली. म्हणाला, "काप, दस्तगीर."

करवत आणली. अर्धा तास कर्र-कर्र चाललं. वाहवा करणारे पाहुणे एकेक करून कार्यालयाकडे सटकले, तिथं नाश्ता होता ना! कठडा खाली पडला. भोक दिसलं.

माईंनी हँडल बसवलं. दस्तगीर म्हणाला, "माई, माझा हात वर ठेवतो, तुमचा खाली." माई म्हणाल्या, "ठेव. पण अंगठा बोटांच्याच बाजूला घे, मूठ आवळू नकोस. इंजिनानं उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. किती वेळा सांगायचं तुला?" सत्तरीचा मिस्त्री, "होय माई" म्हणाला. डोळ्यांत पाणी त्याच्या. भालचंद्रराव आत बसले, बाप बसायचा तिथं. चोक ओढला.

"एक, दोन —" आणि खालून वर एकच ओढ!

चालू झाली! झाली चालू!

भड-भड-भड-भड! मांडवाचं कापड थरथरलं, शेजारचं पोर रडायला लागलं, कुत्री भुंकली. जाड नळीतून काय तो गडगडाट! भालचंद्रराव हर्षानं ओरडतायत, "माई! झाली! तू केलीस!"

माई मात्र वाकलेल्याच. कान लावून. वाट बघतायत. एक ठोका चुकेल म्हणून वाट बघतायत. तो चुकला नाही.

बऱ्याच वेळानं त्या सरळ झाल्या, हँडल काढून घेतलं, परत लुगड्यात गुंडाळलं. मुलाला म्हणाल्या, "बंद कर. कुणाची आहे ही गाडी?"

"अगं माई, आपलीच!"

"आपली असती तर मला ओळखू आली नसती?"

आणि त्या दस्तगीरचा हात धरून चालत कार्यालयाकडे निघाल्या. गाडीकडे वळून पाहिलं नाही. भालचंद्रराव त्याच दिवशी भंगारवाल्याकडे धावले. सायलेन्सर कधीच वितळवायला गेला होता. तसला दुसरा मिळेल हो, पण साठ वर्षांचा तो चुकणारा ठोका कुठल्या दुकानात मिळतो, मला पत्ता द्या!

ऐका! भालचंद्ररावांना नावं ठेवायला मजा आली ना? आता घरच्या गोष्टी बोलू? म्हाताऱ्या बापाला सकाळी अर्धा तास गप्पा हव्यात, तुम्ही त्याला भिंतीएवढा टीव्ही आणून दिलात. बायकोला माहेरी चार दिवस जायचंय, तुम्ही तिला नवा मिक्सर घेतलात. विचारलं होतंत, नाही असं नाही. उत्तरही आलं होतं. ते ऐकून तुम्ही दुकानात गेलात!

आणि जरा मागं वळून या गाभाऱ्याकडे बघा. हो, बघा! रामरायाच्या डोक्यामागे ते फिरणारं चक्र कुणी लावलंय? लाल, हिरवं, परत लाल. मूर्तीचे डोळे दिसतात का कुणाला? मघापासून मी दर्शन घ्यायचा प्रयत्न करतोय, मला नुसता लखलखाट दिसतोय. आणि माझ्या या माइकला तो घुमणारा आवाज लावलाय, मी एकदा राम म्हटलं की चारदा ऐकू येतं. मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? आपला गळा आहे त्याहून मोठा वाटतो ना!

मंदिराचे अध्यक्ष, रागावू नका. उठा, आणि ते चक्र बंद करा. हा माइकही बंद करा. पेटीवाले, भाता मिटा. टाळ खाली ठेवा.

आता समई दिसतेय. आता तो दिसतोय.

तुमचा जसा आहे तसा आवाज, फाटका, कापरा, बेसूर, तोच काढा, आणि माझ्याबरोबर एकदाच म्हणा — राम.