पडद्याचे टाके

चारचौघांत मला बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. राहनाळला मुलगी बघायला गेलो, तेव्हा मामाने वाटेतच बजावलं, "तिच्या बापाला ती तलवारबाजीची जुनी मालिका जीव की प्राण हाय. तू नुसती वाहवा कर."

आम्ही टेकतो न टेकतो, तोच त्यांनी टीव्हीवर ती मालिका लावली. हिरो तलवारीने पडदा फाडून राजवाड्यात उडी घेतो, तो प्रसंग. मुलगी चहा देऊन समोर बसली.

"काय, कशी वाटली?" वडिलांनी विचारलं.

लूमवर दिवसभर कापडातला दोष शोधायची मला सवय. तोंडातून निघून गेलं, "चांगली आहे. पण पडदा आधीच फाडून टाचलाय. टाके दिसतात."

मामाने कपाळाला हात लावला. वडिलांनी प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. "एवढी वर्षं बघतोय, मला कधी दिसलं न्हाय."

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांना टाके दिसले. मी दिसले का, ते विचारा."

मी मान खाली घातली.

"बघा, अजून न्हाय!" ती म्हणाली.

आता घरात नवा पडदा घ्यायचा म्हटलं, की बायको विचारते, "सवत आणताय का?"