आबांची कवळी

हसू नका, पण आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, आईनं बिनदाताचं कधी पाहिलंच नव्हतं. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी कवळी बसवली, आणि ती चोवीस तास तोंडात. गेल्या वर्षी त्यांचं जेवण कमी झालं. तोंडाची आग व्हायची, टाळ्याला पांढरे चट्टे आले. पूर्वी तंबाखू खायचे, त्यामुळे हा कॅन्सरच, असं धरून ते महिनाभर गप्प राहिले. आईला कळलं तसं तिनं आबांना आणि मला गाडीत घातलं आणि मलकापूरहून थेट मिरज गाठलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कवळी काढा."

आबा म्हणाले, "आदी हिला भाईर पाठवा."

"मी हलायची न्हाई," आई म्हणाली. "काय आसंल ते माझ्यादेखत."

आबांनी तिच्याकडे पाठ करून कवळी काढली. बाईंनी चट्ट्यावरचा थर पुसून घेऊन तपासायला दिला. नंतर बोलावून म्हणाल्या, "कॅन्सर नाही. कवळीखाली बुरशी वाढलीय. औषधानं जाईल. पण कवळी रोज घासायची आणि झोपताना काढून ठेवायची."

आबांचा जीव भांड्यात पडला. तरी गाडीत बसल्यावर म्हणाले, "औषध घेतो. पर हिच्यासमोर कवळी काढणार न्हाई."

आई म्हणाली, "आवं, तुमी बॉर्डरवर हुता तवा बिनमाणसाचं घर चालवलंय मी. बिनदाताचा माणूस काय जड हाय मला?"

आबांनी तिथंच कवळी काढून तिच्या हातात ठेवली.