चंद्र उगवेपर्यंत तुंबा हातात

ऐका गं बायांनो. हरितालिकेचं जागरण आहे, झोपायचं तर नाहीच, मग ऐकाच. रेवती, पेंगू नकोस, ती समईची वात जरा पुढे कर. आणि कुंदाताई, तुम्ही भिंतीला टेकू नका. टेकलात की संपलं, मागच्या वर्षी घोरत होतात.

मी एकदा नवस बोलले होते. आमच्या गौतमीचं पोटातलं दोनदा गेलं, तुम्हाला ठाऊकच आहे. तिसऱ्यांदा तिचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. तशीच पिठाच्या हातांनी देवापुढे उभी राहिले आणि म्हटलं, गणराया, हिची सुखरूप सुटका होऊ दे. तोवर प्रत्येक संकष्टी निर्जळी करीन. चंद्र या डोळ्यांनी पाहीन, अर्घ्य देईन, मगच पाण्याचा थेंब तोंडात घेईन.

बोलताना कुठे माहीत होतं, की हा नवस ब्राझीलमध्ये पाळावा लागणार!

जावईबापू श्रीपादराव तिकडे सफरचंदांच्या शीतगृहात इंजिनीअर. ब्राझील म्हणजे उकाडा आणि समुद्र, असं मला वाटायचं. छे गं! हे पार दक्षिणेचं टोक. सांता अमेलिना नावाचं डोंगरातलं एवढंसं गाव. एक चर्च, एक बेकरी, एक पेट्रोल पंप, आणि छत्री उलटी धरल्यासारखी उंचच उंच पाईनची झाडं. आपल्याकडे आषाढ, तिकडे कडाक्याची थंडी. सकाळी गवत पांढरं पडलेलं. त्या पाईनच्या बिया उकडून खातात, अगदी फणसाच्या आठळ्यांसारख्या. उपवासाला चालतील का, हा विचार मी दोन दिवस केला. मग म्हटलं, निर्जळीच आहे, कशाला डोकं शिणवा?

शेजारी इवोनीबाई. सत्तरीच्या, धिप्पाड, गालांवर लाली. माझी भाषा त्यांना येत नाही, त्यांची मला येत नाही. पण दोघी दिवसभर बोलायचो हं! गौतमी म्हणायची, "आई, तुम्ही नक्की काय बोलता गं?" मी म्हणायचे, "लोणच्याचं." आणि खरंच लोणच्याचंच असायचं.

आता त्या लोकांची एक रीत सांगते. नीट ध्यानात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच आहे.

तिकडे संध्याकाळी सगळे गोल करून बसतात आणि हिरवा, कडू, कढत काढा पितात. सुकवलेल्या भोपळ्याचा तुंबा असतो, तळापर्यंत पाला, त्यात खुपसलेली एक धातूची नळी. घरधनी किटलीतून पाणी ओततो आणि तुंबा तुमच्या हाती देतो. तुम्ही तळ वाजेपर्यंत ओढायचं आणि तुंबा रिकामा करून त्यालाच परत द्यायचा. तो पुन्हा भरतो, पुढच्याला देतो. एकच तुंबा, एकच नळी! हो, मलाही कसंसंच झालं होतं. पण पहिल्याच दिवशी इवोनीबाईंनी इतक्या प्रेमाने हातात दिला, की प्याले. परत देताना शहाणपणा दाखवला. गौतमीने शिकवलेला एकुलता एक शब्द मला येत होता, तो म्हटला, "ओब्रिगादा." म्हणजे आभारी आहे.

झालं! तुंबा तीनदा फिरला, मला मिळेना. मी बघत बसले. गौतमी हसून हसून बेजार. "अगं आई, इथे 'आभारी आहे' म्हटलं की झालं, मला पुरे, असा अर्थ घेतात. मग त्या माणसाला पुन्हा भरून देत नाहीत. आणि भरलेला तुंबा तसाच परत देणं म्हणजे घरधन्याचा अपमान!"

ध्यानात ठेवलंत ना? बरं.

तर त्या दिवशी संकष्टी. गौतमीचे दिवस भरत आलेले. दुपारपासून तिची कंबर धरलेली. श्रीपादरावांना कामावर जावंच लागलं, शीतगृहात काही बिघडलं होतं. अंधार पडला. आमचं घर दरीत, पूर्वेला डोंगर, त्यावर ही झाडं. चंद्र दिसणार कसा?

"आई, मोबाइलवर बघ ना, चंद्रोदय झालाय. पाणी पी बाई, ओठ बघ कसे सुकलेत."

"मोबाइलवरचा चंद्र माझ्या नवसाला चालत नाही गं बाळा. वर जाऊन बघून येते. ही गेले आणि ही आले."

इवोनीबाई गौतमीजवळ बसायला आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातला पाण्याचा गडू पाहिला, आणि कुठे निघाले ते ओळखलं. चर्चमध्ये नवसाचे मेणाचे हातपाय टांगलेले त्यांनीच मला दाखवले होते, त्यांना नवस सांगावा लागत नाही. मला दारात आणून त्यांनी बोट दाखवलं. डांबरी रस्त्याने जा. मग दुसरीकडची जुनी पायवाट दाखवली आणि मान हलवली. नाही. गौतमी आतून ओरडली, "आई, त्या म्हणतात, ती खेचरांची वाट आहे, रात्री कुणी जात नाही! डांबरीनेच जा!"

मी हो म्हटलं. आणि गेले कुठून? सांगा बरं?

पायवाटेने. डांबरी रस्ता लांब वळसा घालून जातो, पायवाट सरळ वर. मुलीच्या कमरेत कळ, मला घाई. घाईला कान नसतात गं.

निघाले. हातात गडू, खांद्यावर शाल. थोडी चढले आणि मागून घंटा. टण... टण... खेचराच्या गळ्यात बांधतात तशी. वळून बघितलं. कोणी नाही. चालले. टण... टण... थांबले, घंटा थांबली. चालले, घंटा चालली. पाऊल पटापट उचललं, घंटा पळत सुटली! अगदी पाठीला, अगदी मानेजवळ, टण टण टण! मी किंचाळले, ठेचकाळले, आणि गडू सांडला. सगळं पाणी मातीत. अर्घ्याचं पाणी!

आता परत फिरावं ना? फिरले. खाली उतरले. वाटेत एक मोडका लाकडी क्रूस लागला. पुढे गेले, पुन्हा तोच क्रूस. पुन्हा गेले, पुन्हा तोच! तेव्हा माझ्या लक्षात आलं. बायांनो, हा चकवा! नाव काहीही असो, देश कुठलाही असो, चकवा तो चकवाच.

आणि तेवढ्यात क्रूसामागे उजेड दिसला.

उघडी पडवी. चार खांब, वर पत्रे, मध्ये शेकोटी. भोवती माणसं गोल करून बसलेली. त्यात एक म्हातारा, भोक पाडून डोक्यातून घातलेली घोंगडी, डोळ्यांवर उतरलेली टोपी, हातात किटली. तो म्हणाला, "बस."

कुठल्या भाषेत म्हणाला ते विचारू नका. मला कळलं एवढं खरं.

थंडीने हाडं वाजत होती. मी म्हटलं, माणसं आहेत, विस्तव आहे, जरा टेकावं, वाट विचारावी. गोलात एक जागा रिकामी होती. मेंढीचं कातडं अंथरलेलं, जणू माझीच वाट बघत. बसले. आणि म्हाताऱ्याने तुंबा भरला, माझ्यापुढे धरला, आणि मी तो घेतला.

का घेतलास म्हणून काय विचारतेस रेवती? आपल्याला सवय नाही का? कुणी घरात बोलावून काही पुढे केलं, की हात आधी जातो, डोकं मागून येतं. घेतल्यावर आठवलं. संकष्टी! निर्जळी! प्यायचं नाही. आणि न पिता परत द्यायचा नाही. बसले तुंबा धरून.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी त्यांच्याकडे बघितलं. आणि ऐका हं, माझ्या तोंडातून वाफ निघत होती. भसाभसा. त्या थंडीत निघणारच. त्यांच्या तोंडातून...

एकाच्याही तोंडातून वाफ नव्हती.

उठावं म्हटलं तर त्या कातड्याने जणू धरून ठेवलेलं.

"पी," म्हातारा म्हणाला. "पी आणि जा."

मी म्हटलं, "चंद्र उगवल्याशिवाय नाही."

तो हसला. ओलं लाकूड उचललं आणि शेकोटीत टाकलं. धूर! असा धूर, की आभाळ दिसेना. दुसरं टाकलं. तिसरं टाकलं. "आज चंद्र नाही," म्हणाला. "पी."

हातातला तुंबा गार होत चालला. गार म्हणजे बर्फ. बोटं बधिर. मी मनात 'वक्रतुंड' सुरू केलं तर पुढची ओळच आठवेना. रोज म्हणते गं मी! जन्मभर म्हटलेली ओळ, आणि आठवेना!

आणि मग अंधारातून हाक आली. "आई..."

गौतमीचा आवाज! अगदी तिचा. "आई, दुखतंय गं. कुठे आहेस? एक घोट घे आणि ये ना. मी एकटी आहे. आई!"

कुंदाताई, तुम्हीही आई आहात, तुम्ही काय केलं असतं? नवस कुणासाठी बोलले होते मी? तिच्यासाठीच ना? तीच बोलावतेय, मग नवस घेऊन काय करू? मी नळी ओठांना लावली.

त्याच वेळी शेजारी काहीतरी थांबलं. टिक टिक असा बारीक आवाज इतका वेळ येत होता, तो थांबला तेव्हा कळलं, की येत होता. शेजारी एक बाई बसली होती. तिशीची असेल. डोक्याला रुमाल, मांडीवर लोकर. विणत होती. पिवळा, एवढासा, तान्ह्या बाळाचा मोजा, अर्धा. तिने सुया थांबवल्या. माझ्याकडे बघितलं. आणि मान हलवली, अगदी थोडी. नाही.

मग डोळ्यांनीच वर दाखवलं.

धुरात एक फट पडली होती. पाईनच्या फांद्यांमागे केशरी, अर्धवट, तिकडे दिसतो तसा उलटा, ससा डोक्यावर उभा असलेला... चंद्र!

अगं, काय आनंद झाला सांगू! पण गडू तर रिकामा. पाणी कुठलं? हातात होता तो तुंबा. मी म्हटलं, गणराया, पळी नाही, दूर्वा नाही, अक्षता नाहीत, पाणीही पाल्याचं आहे. भाव तेवढा घे. आणि बसल्या जागी हात पुढे करून तुंबा तिरपा केला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. हिरवी धार जमिनीवर पडली आणि शेकोटी सापासारखी फुसफुसली. गौतमीची हाक मध्येच तुटली. तुंब्यात नुसता पाला राहिला.

तुंबा रिकामा झाला. आता रीत पाळून परत देता येत होता!

मी तो म्हाताऱ्यापुढे धरला. त्याने किटली उचलली, पुन्हा भरायला. आणि मी माझा एकुलता एक शब्द म्हटला.

"ओब्रिगादा."

किटली हवेत थांबली. सगळा गोल थांबला. तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. रागावला होता का? काय सांगू... भूत झाला तरी घरधनी होता. त्याने किटली खाली ठेवली.

खालच्या कातड्याची पकड सुटली. मी उठले. त्या बाईचा हात धरायला गेले, "चल," म्हटलं. तिने फक्त सुया उचलल्या. टिक टिक. ती प्यायली होती गं. कधीच प्यायली होती.

मग मी धावले! शाल पडली, पडू दे! मागे घंटा, टण टण टण, माझ्या मानेवर गार श्वास, मी "मोरया, मोरया" करत पळतेय. क्रूस आला, गेला, पुन्हा नाही आला! डांबरावर पाय पडला आणि घंटा बंद.

घरी पोचले तर सगळे दिवे लागलेले. श्रीपादराव नुकतेच आलेले, गाडी दारात, गौतमी इवोनीबाईंचा हात धरून उभी. कळा सुरू झाल्या होत्या. "कुठे होतीस गं आई?" "चंद्र बघत होते," म्हटलं. दुसरं काय सांगणार?

पहाटे नात झाली. दोघी सुखरूप. नर्सने दिलेल्या पाण्याने मी उपवास सोडला. तसं गोड पाणी आयुष्यात प्याले नाही.

दोन दिवसांनी दवाखान्यातून घरी आलो, तशा इवोनीबाई बाळ बघायला आल्या. मी गौतमीला म्हटलं, सांग त्यांना, मी डांबरीने गेले नाही, माझं चुकलं. आणि सगळं सांगितलं. विणणाऱ्या बाईचं सांगितलं आणि इवोनीबाईंनी एकच विचारलं, "लोकर कुठल्या रंगाची होती?"

"पिवळी."

त्या उठल्या, घरी गेल्या. परत आल्या त्या मुठीत काहीतरी घेऊन. मूठ उघडली. पिवळा, एवढासा, जुनाट लोकरीचा मोजा. एकच.

"माझ्या जन्माच्या रात्री," त्या सांगत होत्या, गौतमी रडत रडत मराठीत करत होती, "माझी मावशी सुईणीला आणायला निघाली. घाई होती, म्हणून जवळच्या वाटेने. हा मोजा विणून झाला होता. दुसरा अर्धा विणलेला, तिच्या खिशात होता. मावशी परत आलीच नाही."

नात तेवढी कुरकुरली.

पुढच्या संकष्टीला मी डांबरी रस्त्याने, श्रीपादरावांना बरोबर घेऊन वर गेले. नवस फिटला होता, तरी गेले. अर्घ्य दिलं आणि शेवटी एक पळी जास्तीची सोडली. म्हटलं, बाई, तुझी भाची सुखरूप जन्मली. सत्तर वर्षं झाली, छान जगतेय, लोणचं फार चांगलं घालते. हे पाणी तुझं. आता तूही ओब्रिगादा म्हण आणि ऊठ.

उठली का? ते मला दिसलं नाही. पण रानातून बारीक टिक टिक येत होती, ती पळीतलं पाणी पडल्यावर थांबली. मला तरी असं वाटतं, की मोजा पुरा झाला.

तर पोरींनो, जवळची वाट आणि मनात घाई, अशा दोघी एकदम भेटल्या, तर पाय मागे घ्या. त्या डोंगरातल्याच वाटेचं नाही म्हणत मी. आपल्या ओढ्याकाठच्याही. तिन्हीसांजेनंतर त्या वाटेला जाऊच नका.

आणि माझं एक ऐकाल? येत्या संकष्टीला अर्घ्य द्याल, तेव्हा शेवटी एक पळी जास्तीची सोडा. दुसऱ्यासाठी धावत निघालं आणि पोचलं नाही, अशा कुणाच्या तरी नावाने. नाव ठाऊक नसलं तरी चालेल. सोडाल ना गं?