पापणी न लवता

(मोशी. रविवारी सकाळी, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये.)

तेजस्विनी : मम्मी, प्लीज! अकराला शेवटची ऑनलाइन मॅच आहे. जिंकले तर जिल्ह्याच्या बुद्धिबळ टीममध्ये घेणार आहेत मला.

मोनिका : आरशात बघ. डोळे लालभडक झालेत. टॅब बंद, विषय संपला.

लक्ष्मणराव : सूनबाई, दमानं. तेजे, हिकडं ये. काय व्हतंय डोळ्यांना?

तेजस्विनी : आबा, आग होते. मग एका घोड्याचे दोन दिसतात.

लक्ष्मणराव : दोन घोडे? मग तर तूच जिंकायला पायजेस!

मोनिका : आबा, हसण्यावारी नका नेऊ.

लक्ष्मणराव : न्हाई नेत. तेजे, शाळेत काल काय काय झालं, सांग बरं.

तेजस्विनी : काल ना, इफ्फतच्या डब्यात शीरखुर्मा होता, तर सगळ्यांनी...

(मिनिटभराने.)

लक्ष्मणराव : बास. सतरा. आता टॅबवर जुना डाव बघ. बोलू नकोस.

(पुन्हा मिनिटभराने.)

लक्ष्मणराव : एक.

मोनिका : एक काय?

लक्ष्मणराव : पापणी. बोलताना सतरा वेळा लवली, टॅबपुढं एकदा. अगं, पापणी म्हंजे डोळ्यावरनं फिरणारं ओलं फडकं. ते फिरलंच न्हाई तर डोळा कोरडा पडणार.

तेजस्विनी : पण माझ्या डोळ्यांतून तर पाणी येतं! मग कोरडा कसा?

लक्ष्मणराव : लई चांगलं विचारलंस. कोरडा पडला, झोंबायला लागला, म्हणून तर पाणी येतं.

तेजस्विनी : आणि ती एक पण चुकून लवली हं, आबा.

मोनिका : चुकून?

तेजस्विनी : बुद्धिबळाचे निरंजन सर म्हणाले ना, पापणी न लवता पटाकडे बघायचं. मी रोज प्रॅक्टिस करते.

मोनिका : अगं बाई! तसं म्हणायची पद्धत असते. म्हणजे नीट लक्ष द्यायचं.

तेजस्विनी : मग ‘लक्ष द्या’ म्हणायचं ना!

लक्ष्मणराव : बरोबर हाय तिचं. आता ऐक. चाल केलीस की पापण्या मिटायच्या, उघडायच्या. समोरच्याची पाळी आली की खिडकीतनं लांब बघायचं, वीस आकडे मोजून.

तेजस्विनी : लांब का?

लक्ष्मणराव : मूठ आवळून धर. धरलीस? आता किती वेळ धरशील? जवळचं बघताना डोळा आतनं तसाच आवळलेला असतो. लांब बघितलं की सैल पडतो.

तेजस्विनी : आणि तेवढ्यात त्याने चाल केली तर?

लक्ष्मणराव : पटावरनं पळून जाती व्हय ती?

मोनिका : बरं, खेळ. पण डोळे झोंबले की मी टॅब काढून घेणार, डाव कुठंही असो. आणि उद्या डॉक्टरांकडे जायचं.

तेजस्विनी : म्हणजे मग मी हरणार.

मोनिका : हरलीस तर हरलीस. ये, डोळे मिटून बस माझ्याजवळ. अजून दहा मिनिटं आहेत.